‘सेटल्ड’ म्हणजे मिटले नव्हे

राळेगावच्या बाजारात, कृषी केंद्राच्या ओट्यावर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो: “भाऊ, तुमचं सिबिल कसं सुधरलं?” सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी, आणि त्या नोंदींवरून ती जो आकडा देते त्यालाही लोक सिबिलच म्हणतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना उत्तर म्हणून एखाद्या एजंटाचा मोबाइल नंबर हवा असतो. तो माझ्याकडे नाही. पंधरा दिवसांत खराब नोंद पुसून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिललाही ती नोंद स्वतःहून बदलता येत नाही.

कपाशीवरची २०१७ ची बोंडअळी तुम्हाला सांगायला नको. तिच्यामुळे मोटारसायकलचे हप्ते थकले, असे मी कित्येक वर्षे सांगत आलो आणि ते पुरते खरे नव्हते. पहिले दोन हप्ते त्याआधीच, मे महिन्यात, बहिणीच्या लग्नापायी चुकले होते. पुढचे मात्र पऱ्हाटीनेच बुडवले. सिबिलच्या अहवालात थकलेले दिवस लिहिलेले असतात, बोंडअळी लिहिलेली नसते, याचा मला आजही राग येतो. पण त्यात लग्नही लिहिलेले नाही, हेही मला ठाऊक आहे.

२०१९ मध्ये फायनान्स कंपनीचा वसुलीचा माणूस अंगणात येऊन म्हणाला, “बावीस हजार भरा, विषय संपला.” मी तूर विकून पैसे भरले आणि त्याने दिलेल्या पत्रावर न वाचता सही केली.

२०२२ मध्ये मुलीला अमरावतीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते, पण सोबत पालक सहकर्जदार लागतो, म्हणून आम्ही दोघे तालुक्याच्या बँकेत गेलो. व्यवस्थापकांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर ५४८ हा आकडा होता आणि मोटारसायकलच्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असे लिहिले होते. मी म्हणालो, “साहेब, सेटल म्हणजे मिटलंच ना?” ते शांतपणे म्हणाले, “मिटलं नाही. तुम्ही कमी भरलं, उरलेलं कंपनीनं सोडून दिलं. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे क्लोज्ड येतं.” मुलीने गुणपत्रिकांची फाइल पिशवीत ठेवली, कोपरा दुमडला म्हणून पुन्हा काढली, नीट करून परत ठेवली आणि “बाबा, चला” एवढेच म्हणाली. परतताना एसटीत दोघांचे तिकीट तिने तिच्या शिष्यवृत्तीच्या पैशांतून काढले आणि मी ते काढू दिले.

त्यानंतर जे केले त्यात युक्ती कसलीच नाही. वर्षातून एकदा मोफत मिळणारा पूर्ण अहवाल काढला, कंपनीने सोडलेले १८,६०० रुपये भरले, बेबाकी पत्र (काही देणे उरले नसल्याचे पत्र) घेतले आणि खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवावे असा लेखी अर्ज दिला. नोंद बदलली नाही, तेव्हा सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार केली. ती एकदा फेटाळली गेली आणि कंपनीकडे आणखी तीन खेटे घातल्यावर दुसऱ्यांदा मान्य झाली. (तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे, मला ती भरपाई मिळाली नाही, तुम्ही ती मागा.) मग पीककर्ज दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरले, एक छोटे सोनेतारण कर्ज वेळेवर फेडले. आज आकडा ७३१ आहे.

सोडलेले पैसे भरायला नको होते, असे घरी अजूनही म्हटले जाते, कारण त्या रकमेतून मुलीच्या वसतिगृहाचा काही खर्च निघाला असता. कधी मलाही तसेच वाटते, कधी वाटत नाही. मुलीने यवतमाळला बी.एस्सी. केले. अमरावतीचा विषय आमच्या घरात निघत नाही.

तुमच्याकडे तडजोडीचे असे पत्र आले असेल, तर सही करण्याआधी ते माझ्याकडे घेऊन या. आपण सोबत बसून वाचू.