छातीचा फोटो एआयला दाखवण्याआधी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ भागातल्या क्षयरोग शिबिरात हातात मावणारं एक्स-रे मशीन नेता येतं, पण प्रत्येक पाड्यावर रेडिओलॉजिस्ट कुठून आणणार? ती उणीव छातीचा फोटो वाचणारं एआय बऱ्यापैकी भरून काढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली, पण १५ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच. त्याहून लहान मुलांचे फोटो डॉक्टरांनीच वाचायचे.

सॉफ्टवेअर निदान देत नाही, क्षयाची शंका किती याचा आकडा देतं. ० ते १ किंवा ० ते १००. कितीच्या वर गेला की बेडका तपासायचा, ही रेघ माणसाने मारायची असते, आणि खरी गोम तिथेच आहे. समजा १००० जणांत १० क्षयरुग्ण आहेत आणि रेघ अशी ठेवली की ९० टक्के रुग्ण सापडतील, ७० टक्के निरोगी सुटतील. मग ९ रुग्ण हाती लागतात, एक निसटतो आणि २९७ निरोगी माणसं उगाच बेडक्याच्या रांगेत येतात. म्हणजे ट्रूनॅटच्या (बेडक्यात क्षयाचे जंतू शोधणारी, दर चाचणीला एक चिप लागणारी तपासणी) ३०६ चाचण्या. तेवढ्या चिप्स नसतील तर शिबिराआधीच रेघ वर घ्या. मधेच बदलली तर सकाळच्या आणि दुपारच्या माणसांना वेगवेगळा न्याय लागतो.

निम्म्या चुका मात्र फोटो काढतानाच होतात, असं माझं मत आहे. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुफ्फुसाच्या शेंड्यावर पडते, आणि क्षयाचा डाग बऱ्याचदा नेमका तिथेच दिसतो. वेणी डोक्यावर बांधायची. मंगळसूत्र, ताईत, सेफ्टी पिना काढायच्या. खांदे पुढे झुकवले नाहीत तर फऱ्याचं हाड फुफ्फुसावर चढतं. श्वास पुरता आत घेऊन धरला नाही, तर खालचा भाग धुरकट येतो आणि एआय न्यूमोनिया म्हणून मोकळं होतं. छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर पुढच्या सहा बरगड्या मोजता आल्या की श्वास पुरेसा समजा.

फाइल डायकॉमच (एक्स-रे मशीनमधली मूळ डिजिटल फाइल) द्या. खिडकीला फिल्म लावून मोबाइलने टिपलेल्या फोटोत काचेची चकाकी येते, राखाडीच्या बारीक छटाही जातात. बरा झालेला जुना क्षय व्रण ठेवून जातो, त्यामुळे पूर्वी औषधं घेतलेल्यांचा आकडा बऱ्याचदा चढतो. जुना फोटो शेजारी ठेवून बघा. उलट आकडा कमी आला, पण खोकला दोन आठवड्यांवर गेलाय, वजन उतरलंय, तर बेडका तपासायचाच.

सातपूर-अंबडच्या फाउंड्रीत फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) किंवा सँडब्लास्टिंग (वाळूचा फवारा मारून साफ करणं) करणाऱ्याचा फोटो असेल तर आणखी सावध. सिलिकोसिसचे (सिलिकाच्या म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणाऱ्या आजाराचे) बारीक गोल ठिपकेही बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतात आणि क्षयासाठी शिकवलेलं सॉफ्टवेअर त्यांना सहज क्षय ठरवतं. त्यात सिलिका फुफ्फुसात असलेल्याला क्षयाचा धोकाही जास्त, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतात. एआयला कामधंदा माहीत नसतो. तो फॉर्मवर लिहून घ्यायचा. याउलट दम्याच्या रुग्णाचा फोटो बहुधा स्वच्छच येतो. तिथे स्पायरोमेट्रीच (नळीत फुंकून श्वास मोजायची चाचणी) करावी लागते.

सीटीचं थोडक्यात: फुफ्फुसातल्या गाठीचं आकारमान एआयकडून मोजून घ्यायचं असेल तर काप १ ते १.५ मिलिमीटरचे हवेत. ५ मिलिमीटरच्या कापांत छोटी गाठ एखाद-दुसऱ्या कापातच दिसते, आणि तीन महिन्यांनी ती खरंच वाढली की मोजमाप चुकलं, हे सांगता येत नाही. सेंटरवरून नुसती फिल्म घेऊ नका, पातळ कापांची सीडी मागून घ्या. दुसऱ्या वेळीही तेवढ्याच जाडीचे काप काढायला सांगा.