जमीन सुधारते तेव्हा खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

पुनरुज्जीवक शेतीविषयीच्या, म्हणजे जमिनीचा कस परत आणणाऱ्या शेतीविषयीच्या, बैठकांना आता सगळेच येतात. अन्नप्रक्रिया कंपन्या येतात, बँका आणि विमा कंपन्या येतात, मृदाशास्त्रज्ञ, पाणीपुरवठा खात्याचे अभियंते, स्वयंसेवी संस्था आणि सरकारी अधिकारी येतात. क्वचित एखादा शेतकरीही असतो. सर्वांनी मिळून काम केले पाहिजे यावर तेथे एकमत होते. या एकमताला मी हल्ली फारसे महत्त्व देत नाही. सुरुवातीच्या चार-पाच वर्षांची जोखीम कोण उचलणार आणि करार किती वर्षांचा आहे, एवढे दोन प्रश्न विचारले, की ते सहकार्य प्रत्यक्षातले आहे की सह्यांपुरते, याचा बराचसा अंदाज येतो.

नांगरट कमी करणे, जमीन वर्षभर पिकाखाली किंवा आच्छादनाखाली ठेवणे, पिकांची फेरपालट वाढवणे आणि जनावरांना पुन्हा शेतीचक्रात आणणे, पुनरुज्जीवक शेतीच्या या कामांचा खर्च पहिल्याच हंगामात सुरू होतो. आच्छादन पिकाचे, म्हणजे मुख्य पीक नसताना जमीन झाकण्यासाठी घ्यायच्या पिकाचे, बियाणे विकत घ्यावे लागते, पेरणी यंत्र बदलावे लागते आणि नव्या पद्धतीचा हात बसेपर्यंत उत्पादन घटण्याची शक्यताही असते. जमिनीतील सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या जैविक पदार्थांतील कार्बन, मात्र इतक्या संथपणे बदलतो आणि एकाच शेतातही जागोजागी इतका वेगळा असतो, की खात्रीने सांगण्याजोगा फरक मोजायला अनेक वर्षे लागतात. शिवाय होणाऱ्या लाभाचा मोठा भाग शेताबाहेर जातो. नदीत गाळ आणि नायट्रेट कमी उतरते, पुराचा जोर ओसरतो, दुष्काळात विम्याचे दावे घटतात. खर्च एकाचा आणि लाभ अनेकांचा, अशी ही रचना असल्यामुळे लाभ घेणाऱ्यांनी खर्चात उतरावे, हाच क्षेत्राक्षेत्रांतील सहकार्याचा खरा आधार आहे.

हे सर्वांत आधी पाणी विकणाऱ्यांना समजले, असे माझे निरीक्षण आहे. ईशान्य फ्रान्समधील व्हिटेल येथील बाटलीबंद खनिज पाण्याच्या झऱ्यांत 1980 च्या दशकात नायट्रेट वाढू लागले. कुरणे मोडून तेथे जनावरांच्या चाऱ्यासाठी मका घेतला जात होता आणि त्याला दिलेल्या खतांचा निचरा भूजलात होत होता. हे पाणी विकणाऱ्या कंपनीने 1989 पासून फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन आधी शेतकऱ्यांचे गणित समजून घेतले. ते चारा कुठून आणतात, कर्ज कशाचे आहे, जमीन कमी का पडते, याचा अभ्यास झाला आणि त्यातूनच पुढचे करार आकाराला आले. मका बंद करायचा, रासायनिक कीडनाशके व तणनाशके वापरायची नाहीत, हेक्टरी एकापेक्षा जास्त मोठे जनावर ठेवायचे नाही आणि शेण कुजवूनच शेतात टाकायचे, या अटी होत्या. त्या बदल्यात कंपनीने विकत घेतलेली जमीन शेतकऱ्यांना विनामोबदला कसायला दिली, जमिनीपोटीचे कर्ज फेडायला मदत केली आणि पाच वर्षे हेक्टरी दरसाल सुमारे 200 युरोच्या बरोबरीची रक्कम दिली. करार 18 ते 30 वर्षांचे होते. या कामासाठी 1992 मध्ये आग्रिव्हेर नावाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, कारण शेतकऱ्याला रोज बोलायला समोर माणूस लागतो.

न्यूयॉर्क शहराची कथा याहून अधिक कडवट सुरुवातीची आहे. भूपृष्ठावरील पाण्याच्या गाळणीविषयीचा अमेरिकेचा केंद्रीय नियम 1989 मध्ये आला. कॅट्सकिल डोंगरांतून येणारे पाणी गाळण्यासाठी अब्जावधी डॉलरचा प्रकल्प उभारणे किंवा पाणलोटातच ते स्वच्छ राखणे, असे दोन मार्ग शहरापुढे होते. शहराने प्रथम कडक नियमांचा मसुदा काढला आणि शेतकरी संतापले. वाटाघाटींनंतर 1993 मध्ये शेतकऱ्यांचे प्राबल्य असलेली पाणलोट कृषी परिषद स्थापन झाली. खर्च शहराचा, आराखडा प्रत्येक शेताचा वेगळा आणि सहभाग ऐच्छिक, असे ठरले. मात्र पाच वर्षांत 85 टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत, अशी सामूहिक अट होती आणि ती पूर्णही झाली. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. ती एकट्या शेतकऱ्यावर लादलेली नसल्यामुळे शेजाऱ्याने शेजाऱ्याला समजावण्याचे काम आपोआप झाले.

या दोन्ही ठिकाणी पैसे देणारा पक्ष जागा बदलू शकत नव्हता. झरा उचलून दुसऱ्या खोऱ्यात नेता येत नाही. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीचे तसे नसते; एका प्रदेशातील गहू महागला तर ती दुसऱ्या प्रदेशातून घेते. म्हणूनच अन्न कंपन्यांच्या घोषणांकडे मी थोड्या संशयाने पाहतो. जनरल मिल्स या अमेरिकी अन्न कंपनीने 2019 मध्ये दहा लाख एकरांवर पुनरुज्जीवक पद्धती नेण्याचे उद्दिष्ट 2030 पर्यंतसाठी जाहीर केले आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही तशीच उद्दिष्टे मांडली. एकरांचा आकडा जाहीर करणे सोपे असते. त्या एकरांवर पिकणारा माल सलग किती वर्षे आणि कोणत्या भावाने घेणार, हे लिहून देणे अवघड असते.

आणि येथे खरी अडचण मुख्य पिकाची नसून तिसऱ्या पिकाची आहे. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाच्या मार्सडेन प्रक्षेत्रावरील प्रयोगाचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. मका आणि सोयाबीन या दोनच पिकांच्या चक्रात ओट हे तृणधान्य आणि क्लोव्हर किंवा लसूणघास ही चारापिके आणून तीन व चार वर्षांची फेरपालट केली असता मका-सोयाबीनचे उत्पादन टिकले किंवा वाढले, नफा जवळपास तेवढाच राहिला आणि तणनाशके व रासायनिक नत्र यांचा वापर मोठ्या प्रमाणात घटला. शास्त्राने उत्तर दिले. पण ओट घेणार कोण, साठवणार कुठे, लसूणघास खाणारी जनावरे कोणाच्या गोठ्यात आहेत, ही उत्तरे शास्त्राकडे नाहीत. ती गिरणीवाल्याकडे, गोदामवाल्याकडे आणि पशुपालकाकडे आहेत. मका घेणाऱ्या कंपनीने ओटची बाजारपेठ उभी करायला मदत केली नाही, तर तिचे मृदाविषयक उद्दिष्ट कागदावरच राहते. प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा या 1985 मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेने अन्न कंपन्यांकडून आच्छादन पिकांचा व ओटसारख्या छोट्या तृणधान्यांचा काही खर्च मिळवून दिला, ही त्या दिशेची चांगली सुरुवात आहे.

ब्राझीलमधील शून्य मशागतीचा इतिहास मात्र जरा अस्वस्थ करणारा आहे. पाराना राज्यातील रोलांदिया येथील हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने, पावसात माती वाहून जाताना पाहून, 1972 मध्ये अमेरिकेतून पेरणी यंत्र आणून न नांगरता पेरणी सुरू केली. पुढे शेतकऱ्यांचे गट, संशोधन संस्था आणि स्थानिक यंत्रनिर्माते एकत्र आले आणि पद्धत देशभर पसरली. या प्रसारात तणनाशक कंपन्यांचाही पैसा होता. धूप मोठ्या प्रमाणात घटली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या शेतीत तणनाशकांचे स्थान पक्के झाले, हेही तितकेच खरे आहे. सहकारी पक्षाचा धंदा पद्धतीच्या रचनेत शिरतो, म्हणून कोणाला बरोबर घ्यायचे यापेक्षा त्याला कोणत्या अटीवर घ्यायचे, याची चर्चा आधी व्हायला हवी.

विमा क्षेत्राबाबत थोडक्यात लिहितो. आयोवामध्ये 2017 पासून आच्छादन पीक घेणाऱ्यांना पीक विम्याच्या हप्त्यात एकरी 5 डॉलरची सूट देण्याची योजना सुरू झाली. रक्कम किरकोळ आहे, पण ती शेतकरी एरवीही भरत असलेल्या बिलातच मिळते. बँकांनी व्याजदराच्या बाबतीत असे काही करण्यास भरपूर वाव आहे.

या सर्व चर्चेत एक पक्ष जवळपास नेहमी गैरहजर असतो, तो म्हणजे जमीनमालक. जेथे शेती खंडाने केली जाते आणि खंड वर्षावर्षाने ठरतो, तेथे कसणाऱ्याने सेंद्रिय कर्ब वाढवावा कशासाठी? जमीन सुधारली म्हणून पुढच्या वर्षी खंडच वाढायचा. इंग्लंडने हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच हाताळला होता. तेथील 1875 च्या कायद्याने जमीन सोडणाऱ्या कुळाला, त्याने घातलेल्या पण अजून पूर्ण न वापरल्या गेलेल्या खतांची आणि सुधारणांची भरपाई मिळण्याची तरतूद केली. मालकांना त्यातून करार करून बाहेर पडता येत असे, म्हणून 1883 मध्ये ती बंधनकारक केली गेली. आज मातीचे नमुने घेण्याच्या पद्धती तेव्हापेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. खंडाच्या करारात सुरुवातीचा आणि शेवटचा सेंद्रिय कर्ब नोंदवून त्यातील वाढीचा मोबदला कुळाला देण्याचे कलम घालता येईल. बदल संथ असल्यामुळे असा करार निदान आठ-दहा वर्षांचा ठेवावा लागेल, आणि त्या मुदतीला मालक राजी व्हावा यासाठी कंपनीने वा पाणीपुरवठा खात्याने खंडातील फरक भरून द्यावा लागेल.