डोंगल म्हणेल ती विंडोज

गणपती तोंडावर आले की सिंधुदुर्गातल्या लहान छापखान्यांत पावतीपुस्तकं, आरतीसंग्रह आणि डबलबारी भजनांची हँडबिलं यांची रीघ लागते. नेमक्या त्याच दिवसांत कुडाळजवळच्या एका छापखान्याचा डेस्कटॉप रात्रीच्या विजांनी गेला. मदरबोर्ड आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जळले, हार्डडिस्क वाचली. मालक काका माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले ते मुलाने मुंबईहून पाठवलेला नवा लॅपटॉप काखेत मारूनच: इंटेलची बारावी पिढी, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. म्हणाले, "काय करूचा ता कर, पण माका ह्यात माझा जुनाच व्हया."

जुना म्हणजे विंडोज ७, पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. छापखान्याच्या सगळ्या जुन्या फाइली त्याच बिगर-युनिकोड, म्हणजे अक्षरांच्या सर्वमान्य संकेतात नसलेल्या, फॉन्टमध्ये. युनिकोडवर या, हा सल्ला बरोबरच आहे, पण तो गणपतीनंतर द्यायचा.

अशा कामात नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ चढेल का, याचा विचार नंतर. जुन्या विंडोजला नक्की कशाने बांधून ठेवलंय, ते आधी शोधावं. पेजमेकर ७ हा २००१ चा, पण तो विंडोज १० वरही बऱ्याच ठिकाणी चालतो. इथे अडवत होता डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखवून देणारं सॉफ्टवेअर. सीडीवर तो फक्त ३२-बिट होता आणि त्याला डिजिटल सही नव्हती. ६४-बिट विंडोज कर्नलमध्ये (गाभ्यात) ३२-बिट ड्रायव्हर घेतच नाही, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. विंडोज १० ची आहे. तिच्यावर हा ड्रायव्हर बसतो, पण सॉफ्टवेअरला डोंगल दिसत नाही, हे दुसऱ्या एका छापखान्यात आधीच बघून झालं होतं. राहिली ३२-बिट विंडोज ७.

इथून पुढची साखळी आपोआप लागते. ३२-बिट विंडोज ७ यूईएफआयमधून, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या प्रणालीतून, बूट होत नाही. तिला जुन्या पद्धतीचं बायोस किंवा त्याची नक्कल करणारं सीएसएम लागतं, आणि डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची लागते. काकांच्या लॅपटॉपच्या बायोस सेटअपमध्ये सीएसएमचा पर्यायच नव्हता. २०२० च्या सुमारापासूनच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो नसतो. भरीला एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क-नियंत्रकामागे आणि टचपॅड आय-टू-सी जोडणीचा, ज्यासाठी विंडोज ७ मध्ये ड्रायव्हरच नाही. ग्राफिक्सचाही नाही. ६४-बिट चालणार असती तर इंट १० या जुन्या बायोसच्या पडद्याच्या सेवेची नक्कल करणारे बूटलोडर वापरून काही जण विंडोज ७ अशा मशीनवर चढवतातही. पण मग पडदा साध्या व्हीजीए ड्रायव्हरवर राहतो, ब्राइटनेस बदलत नाही, स्लीप चालत नाही आणि कधी एसीपीआयवरून (वीज-व्यवस्थापनाचा भाग) ए५ ही निळी स्क्रीन येते. हौस म्हणून ठीक आहे. रोज आठ तास छापखान्यात बसणाऱ्या ऑपरेटरला असलं मशीन देऊ नये.

विंडोज ७ साठी शेवटची निर्धोक पिढी म्हणजे इंटेलची सहावी, स्कायलेक. तिच्या ग्राफिक्स, यूएसबी, लॅन आणि वायफायचे विंडोज ७ ड्रायव्हर इंटेलने स्वतः काढले होते. आठव्या पिढीच्या काही यू मालिकेतल्या प्रोसेसरांसोबत तेच जुनं चिपसेट असल्याने यूएसबी ड्रायव्हर लागू पडतो, पण यूएचडी ६२० ग्राफिक्सला विंडोज ७ चा ड्रायव्हर नाही. सेकंडहँड लॅपटॉप घेताना ‘आठवी म्हणजे सहावीपेक्षा चांगली’ हे गणित इथे उलटं पडतं. दुकानात सहाव्या पिढीचा, कंपन्यांच्या वापरातून आलेला १४ इंची लॅपटॉप पडून होता: ८ जीबी रॅम, अडीच इंची साटा (डिस्कची जुनी जोडणी) खण, सेटअपमध्ये सीएसएम. तोच घ्यायचं ठरलं. ३२-बिट विंडोज ८ जीबीपैकी तीन-साडेतीनच वापरणार, पण पेजमेकरला तेवढी रॅमही डोक्यावरून पाणी. डिस्क मुद्दाम साटाच घेतली, २४० जीबीची एसएसडी. एनव्हीएमईवर विंडोज ७ बसवायची तर केबी २९९०९४१ आणि केबी ३०८७८७३ हे हॉटफिक्स (मायक्रोसॉफ्टच्या छोट्या दुरुस्त्या) आधी इमेजमध्ये घालावे लागतात, आणि वर जुन्या पद्धतीने एनव्हीएमईवरून बूट करणं बहुतेक लॅपटॉपना जमत नाही. साटाला विंडोज ७ चा स्वतःचा एएचसीआय, म्हणजे साटा डिस्क चालवणारा, ड्रायव्हर पुरतो.

लॅपटॉपच्या बायोस सेटअपमध्ये तीनच बदल: सिक्युअर बूट बंद, बूट मोड लेगसी, साटा मोड रेडवरून एएचसीआय. तिसरा राहिला तर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. इन्स्टॉलनंतर बदलला तर ७बी ची निळी स्क्रीन.

बहुतेक लोक अडकतात ते यूएसबीवर. विंडोज ७ ची डीव्हीडी २००९ ची, सर्व्हिस पॅक १ फेब्रुवारी २०११ चा, आणि दोन्हींत यूएसबी ३ चा, म्हणजे एक्सएचसीआयचा, ड्रायव्हर नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये सोबत यूएसबी २ चा ईएचसीआय कंट्रोलर असायचा. इंटेलने १०० मालिकेच्या, म्हणजे सहाव्या पिढीसोबतच्या, चिपसेटपासून तो काढला. तेव्हा निळ्या पोर्टऐवजी काळ्या पोर्टात पेन ड्राइव्ह लावून काही होत नाही, सगळी पोर्टं एकाच कंट्रोलरवर असतात. फसवं असं की पेन ड्राइव्हवरून बूट मात्र होतं, कारण तोवर वाचन बायोस करत असतं. विंडोज सेटअपचं कर्नल सुरू झालं की बायोस बाजूला होतं आणि ‘सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश येतो. लोक सीडी ड्राइव्हच्या मागे लागतात. हवा असतो यूएसबीचा ड्रायव्हर. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बहुधा पीएस/२ वर असल्याने चालू राहतो, त्यामुळे संशय यूएसबीवर लवकर जातही नाही.

यूएसबीचा ड्रायव्हर आत घातलेला पेन ड्राइव्ह तयार करायला काकांचा नवा लॅपटॉपच कामाला लावला. विंडोज ११ मधलं डिसम हे कमांडने चालणारं साधन विंडोज ७ ची इमेज (इन्स्टॉलच्या फाइलींचा गठ्ठा) उघडू शकतं. आयएसओतल्या फाइली डिस्कवर उतरवल्या. बूट डॉट विम या इमेजमध्ये दोन इंडेक्स (क्रमांकाचे भाग) असतात. सेटअप चालतो तो दुसरा, ड्रायव्हर त्यात गेलाच पाहिजे. इन्स्टॉल डॉट विममध्ये होम, प्रोफेशनल वगैरे आवृत्त्या वेगवेगळ्या इंडेक्सवर असतात, त्यांचे क्रमांक गेट-विमइन्फोने आधी पाहून घ्यायचे. इमेज रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची, ॲड-ड्रायव्हर देताना रिकर्स जोडायचं आणि शेवटी कमिटसह अनमाउंट. ड्रायव्हर १०० मालिकेसाठीचाच हवा, चौथ्या-पाचव्या पिढीचं पॅकेज सहावीला ओळखत नाही. ३२-बिट इमेजमध्ये एक्स८६ फोल्डरच घालायचं. दोन आयएनएफ (ड्रायव्हरच्या माहितीच्या फाइली) महत्त्वाच्या, एक कंट्रोलरची आणि एक हबची. हबची विसरली तर कंट्रोलर ‘ठीक’ दिसतो आणि पोर्टं मेलेलीच राहतात. केबी ४४९०६२८ आणि त्यामागून केबी ४४७४४१९ हेही इन्स्टॉल डॉट विममध्ये घातले, याच क्रमाने. हे नसतील तर एसएचए-२ या नव्या डिजिटल सहीचे नंतरचे अपडेट बसत नाहीत.

अनमाउंट करताना ते फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडं असेल किंवा अँटिव्हायरस आत शिरला असेल तर सी१४२०११७ ही चूक येते. खिडक्या बंद करून पुन्हा द्यायचं. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे काम डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉपवर बरं. मधेच मशीन बंद पडलं तर अर्धवट माउंट झालेली इमेज क्लीनअप-विमने सोडवून घ्यायची आणि विमची मूळ प्रत पुन्हा घ्यायची. अर्धवट कमिट झालेल्या विमवर विश्वास ठेवू नये. मग रूफस या पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर एमबीआर आणि बायोस असे पर्याय देऊन सगळं उतरवलं. फॅट३२ ठेवायचं असेल तर इन्स्टॉल डॉट विम ४ जीबीच्या आत असली पाहिजे. ३२-बिटची एवढी वाढत नाही, ६४-बिटची अपडेट घालता घालता सहज वाढते.

इन्स्टॉल सुरळीत झालं. नंतर चिपसेट, ग्राफिक्स, लॅन, ऑडिओ, टचपॅड अशा क्रमाने ड्रायव्हर घातले. वायफायचा मुद्दाम घातला नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पैसे भरून मिळणारे अपडेटही जानेवारी २०२३ ला थांबले. असं मशीन नेटवर नको.

आता डोंगल. आधी ड्रायव्हर, मग डोंगल, हा क्रम मोडायचा नाही. ३२-बिट विंडोज सही नसलेल्या ड्रायव्हरबद्दल लाल खिडकी दाखवते, तिथे ‘तरीही बसवा’ म्हणायचं. तसं केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगल नीट दिसलं, आणि सॉफ्टवेअर म्हणे डोंगल लावा. पोर्ट बदललं, तेच. डोंगल जुनं, यूएसबी १.१ च्या वेगाचं. असली उपकरणं एक्सएचसीआयवर थेट लावली की ड्रायव्हरच्या जुन्या हिशोबाने उत्तर वेळेत पोहोचतंच असं नाही. मधे साधा यूएसबी २ हब टाकला की कंट्रोलरचं संभाषण वेगवान हबशी होतं आणि संथ डोंगलला हब सांभाळतो. खणातला चार पोर्टांचा हब लावला आणि सॉफ्टवेअर उघडलं. हब यूएसबी २ चाच हवा. सोबत पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, नाहीतर थोडा वेळ कोणी टाइप केलं नाही की डोंगल झोपतं.

जुनी हार्डडिस्क साटा-यूएसबी केबलने जोडून फाइली घेतल्या. फॉन्ट सीडीवरून न बसवता त्याच डिस्कच्या फॉन्ट फोल्डरातून घेतले. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांची रुंदी किंचित वेगळी असते. तेवढ्याने ओळी सरकतात आणि ३२ पानी आरतीसंग्रह ३३ पानांवर जातो. पेजमेकर फाइल उघडताना पॅनोजची फॉन्ट बदलण्याची खिडकी आली तर तिथे ओके न करता फाइल बंद करावी आणि आधी फॉन्ट शोधावा. प्रिंटरही फाइल उघडण्याआधी बसवायचा, आणि आधी होता तोच, कारण पेजमेकर पानाची मांडणी निवडलेल्या प्रिंटरप्रमाणे धरतो. ट्रेसिंग पेपरवर एक पान काढून जुन्या प्रतीवर ठेवून पाहिलं, रेघेला रेघ बसली.

नवा लॅपटॉप फुकट गेला नाही. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) घालून ३२-बिट विंडोज ७ चढवली: २ जीबी रॅम, एक प्रोसेसर, डोंगलसाठी यूएसबी फिल्टर. खाली उजवीकडे हिरवं कासव दिसलं तर मशीन विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही या तशाच यंत्रणेच्या अंगावर चालतंय असं समजावं. विंडोज ११ मधली मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षा सोय बंद केली की बहुधा कासव जातं आणि वेग येतो. खरं तर अनेकांना एवढंच पुरेल आणि जुनं हार्डवेअर शोधावंच लागणार नाही. छापखान्यात मी ते रोजच्या कामाला दिलं नाही, कारण विंडोज ११ अपडेटसाठी रात्री स्वतःहून रिस्टार्ट होते, लॅपटॉप झोपला की डोंगल आतल्या मशीनमधून सुटतं, आणि ऑपरेटरला एका विंडोजमध्ये दुसरी सांभाळायची सवय नाही. डोंगल एकच, तेव्हा दोन्हीकडे एका वेळी काम होणार नाही, हे काकांना दोनदा सांगितलं. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपची पूर्ण डिस्क इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली आणि तीवर मॉडेल नंबर लिहून ठेवला. बोर्ड गेला तर त्याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप घेऊन इमेज ओतायची. डोंगल गेलं तर मात्र इमेजचा उपयोग नाही, म्हणून ते हबसकट टेबलाच्या पायाला केबल टायने बांधलं.