लाइट गेली, पण नेमकं काय गेलं?

लाइट कधी येणार हे काय बिघडलंय त्यावर ठरतं, आणि काय बिघडलंय ते पुष्कळदा घरात बसूनही ओळखता येतं. तक्रारीत ‘आमच्याकडे लाइट नाही’ एवढंच सांगितलं तर लाइनमनला शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो. लक्षणं सांगितली तर तो थेट त्या खांबावर पोचतो.

आधी आपलं घर तपासा. ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला असेल तर सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली करा, ईएलसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला ईएलसीबी परत पडेल त्या सर्किटमध्ये गळती आहे. पावसाळ्यात ती बहुधा गीझर, पाण्याचा पंप किंवा बाल्कनीतल्या सॉकेटमध्ये सापडते. मग मीटर बघा. डिस्प्ले चालू असेल तर वीज मीटरपर्यंत आली आहे आणि दोष तुमच्या बाजूला आहे. काही मीटर बटण दाबल्यावर बॅटरीवरही आकडे दाखवतात, म्हणून बटणाला हात न लावता बघा. रस्त्यावरच्या दिव्यांवर मात्र भरवसा ठेवू नका, त्यांची वायर बऱ्याच ठिकाणी वेगळी असते.

एका ओळीतली काही घरं चालू आणि काही बंद, तर एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, गेलाय. इथे एक बारकावा फार उपयोगाचा आहे. बंद घरांत पूर्ण अंधार असेल आणि बाकीच्यांकडे व्होल्टेज ठीक असेल, तर डीपीच्या, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीतला एका फेजचा फ्यूज उडालाय किंवा त्या फेजचा जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटलाय. पण एक तृतीयांश घरांत दिवे नेहमीसारखे आणि उरलेल्यांत अगदी मंद, जेमतेम ११५-१२० व्होल्ट, असं असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या, म्हणजे ११ केव्ही (११,००० व्होल्ट) बाजूचा एक डीओ फ्यूज, म्हणजे उडाला की खाली लोंबणारा नळीचा फ्यूज, गेलाय. तो खालून दिसतोसुद्धा: तीन नळ्यांपैकी एक सुटून लोंबकळत असते. अशा मंद लाइटवर फ्रिज आणि पंप ताबडतोब बंद करा. कमी व्होल्टेजला मोटर फिरत नाही, नुसता करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. काठीने ती नळी वर ढकलायचा उद्योग कोणीही करू नये, त्यात जीव जातो.

याहून वाईट म्हणजे न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, तुटणं. काही घरांत दिवे भगभगीत, पंखा सुसाट, आणि त्याच वेळी शेजारी दिवे विझत आलेले, ही त्याची खूण. न्यूट्रल गेला की दोन फेजमधलं ४०० च्या वर जाणारं व्होल्टेज घराघरांत लोडप्रमाणे वाटलं जातं. ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एलईडी दिवे काही सेकंदांत जातात. कारण विचारत बसू नका, आधी मेन स्विच पाडा, मग शेजाऱ्यांना ओरडून सांगा आणि तक्रारीत ‘न्यूट्रल तुटलाय’ हे शब्द वापरा.

अख्खा परिसर एकदम गेला, मिनिटभर आला आणि पुन्हा गेला, तर फीडर, म्हणजे उपकेंद्रातून परिसराला येणारी मुख्य लाइन, ट्रिप झालाय. उपकेंद्रातला ऑपरेटर ट्रायल घेतो, म्हणजे लाइन पुन्हा चालू करून बघतो, आणि फॉल्ट लाइनवरच असेल तर ब्रेकर पुन्हा पडतो. मग मधला एबी स्विच (लाइनचे दोन भाग वेगळे करणारा खांबावरचा स्विच) उघडून अलीकडचा भाग चालू करून बघतात. तो टिकला की फॉल्ट पलीकडे आहे हे कळतं. म्हणूनच शेजारच्या गल्लीत लाइट येते आणि आपल्याकडे येत नाही. त्यात कुणाचा वशिला नसतो.

पहिल्या पावसात हे हमखास होतं. चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाळाभर तापलेले असतात, त्यांवर धुळीचा थर असतो, कोकणात मिठाचाही. तड्यात पाणी शिरलं की वीज खांबावाटे जमिनीत उतरते. मोठी सर धूळ धुऊन तरी नेते, रिमझिम पाऊस तिचा चिखल करतो, आणि तोच जास्त त्रास देतो. हा तडा खालून दिसत नाही, त्यामुळे खांबामागून खांब तपासावा लागतो. भूमिगत केबलला शोध आणखी लांबतो. जेसीबीने खरचटलेली केबल त्या दिवशी चालते आणि पाणी मुरल्यावर दगा देते. फॉल्ट शोधायची व्हॅन आणून जागा शोधायची, खणायचं, जॉइंट मारायचा, यात तासच्या तास जातात. दुसऱ्या बाजूने पुरवठा फिरवायची सोय असेल तरच लवकर सुटका होते. झाडाची फांदी, मांजा, खार, वटवाघूळ ही कारणं तुम्हाला ठाऊकच आहेत.

एप्रिल-मेमध्ये रात्री जेवणानंतर लाइट जाते, ते ओव्हरलोडमुळे. २०० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर एका फेजवर साधारण २६५ अँपिअर देतो. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो. म्हणजे एका फेजवर पस्तीसेक एसी एकदम चालले की बाकी काही न लावताच क्षमता संपली. अशा वेळी फ्यूजला जाड तार बांधा म्हणून वायरमनवर दबाव आणू नका. फ्यूज वाचेल, पण नंतर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तो बदलायला फ्यूजपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. फेज बॅलन्स करून, म्हणजे लोड तिन्ही फेजवर सारखा वाटून, मागा, ट्रान्सफॉर्मरची क्षमता वाढवायचा अर्ज सोसायटीच्या सह्यांनी द्या.

तक्रार १९१२ वर किंवा महावितरणच्या १८००-२१२-३४३५ या टोल फ्री क्रमांकावर करा. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, जवळच्या डीपीवरचा नंबर, किती घरं बंद, मंद की पूर्ण अंधार, आवाज किंवा ठिणगी कुठे झाली, एवढं सांगा. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. वीज नियामक आयोगाने दुरुस्तीच्या मुदती ठरवल्या आहेत, आणि मुदत उलटल्यावर भरपाई मागताना तोच पुरावा असतो.

तार खाली पडली असेल तर ती मेलेली समजू नका. दहा मीटर लांब राहा, जवळ असाल तर पाय जमिनीवरून न उचलता घासत मागे सरका.

आणि जनरेटर लावणाऱ्यांसाठी: चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी जनरेटर किंवा बाहेरची लाइन, एकच जोडणारा स्विच) तो घराच्या वायरिंगला जोडू नका. तुमचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरमधून उलटे डीपीत जातात, तिथे वाढून ११ केव्हीच्या तारेत येतात, आणि ती तार त्या वेळी लाइनमनच्या हातात असू शकते.