माझंच उत्तर, माझ्याच भाच्याला नडलं

मे महिन्यात आमच्या गुहागरच्या घरी शाकारणी चालू होती, वर गडी कौलं परततायत, खाली मी लॅपटॉपवर धूळ पडू नये म्हणून ओढणी टाकून बसलेले, आणि भाच्याचा फोन. रत्नागिरीत डिप्लोमाला आहे तो. "मावशी, नेटवरनं एक कोड घेतला, चालतच नाहीये गं." स्क्रीनशॉट बघितला तर उत्तर माझंच! 2012 साली एका प्रश्नोत्तरांच्या साइटवर मी लिहिलेलं, वर हिरवी बरोबरची खूण, म्हणजे विचारणाऱ्याने स्वीकारलेलं वगैरे.

कोड पायथन 2 चा, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या व्हर्जनचा, आता 3 चालतं. जुन्यात प्रिंटला (स्क्रीनवर दाखवायची आज्ञा) कंस लागायचे नाहीत, 3 मध्ये लागतात, त्यामुळे पहिल्याच ओळीला एरर. त्याने कंस घातले, मग रॉ-इनपुट (टाइप केलेलं वाचायची जुनी आज्ञा) अडलं, तिथे नुसतं इनपुट केलं. चाललं एकदाचं. पण खरी गंमत पुढेच, कारण एरर आली की निदान कळतं तरी. माझ्या उदाहरणात 47 डझन आंबे, 5 डझनाच्या पेट्या, पूर्ण किती भरतील असं होतं. पायथन 2 मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की 9 यायचे, 3 मध्ये येतात 9.4. आता पॉइंट चार पेटी कोण विकत घेणार! तिथे भागाकाराच्या एका स्लॅशऐवजी दोन (//) टाकले की दोन्हीकडे 9 च येतात, हे तेव्हाच लिहायला हवं होतं मी.

आधी वाटलं उत्तर उडवूनच टाकावं, पण स्वीकारलेलं उत्तर लिहिणाऱ्याला स्वतःला डिलीट करता येत नाही. मग म्हटलं सगळं पुसून नवीन लिहू, तर तेही बरं नाही, कारण पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला तरी जुने प्रोग्राम चालवणारे आहेतच आणि त्यांनी नवा कोड उचलला तर घोळ, पायथन 2 मधलं साधं इनपुट टाइप केलेलं चक्क कोड म्हणून चालवतं. म्हणून वर पायथन 3 चा कोड, खाली जुना, दोन्हीवर व्हर्जन ठळक. दोन्ही आधी खरोखर चालवून बघितले (मध्ये लाईट गेली, ते सोडा).

मग हुरूप आला आणि शेजारचं दुसऱ्या कुणाचंतरी उत्तरही तसंच अख्खं बदलायला घेतलं. त्या साइटवर माझे पॉइंट कमी, त्यामुळे बदल तपासणीला गेला आणि परत आला: मूळ लेखकाचं म्हणणंच बदलतंय. राग आला, पण खरं होतं ते. सामायिक घराची कौलं आपण परतू शकतो, भिंत हलवायची तर चुलत्यांना विचारावंच लागतं. त्या माणसाला कमेंट केली, काही उत्तर नाही, तर खाली माझं वेगळं उत्तर टाकलं. दोन मतं पडलीयत, जुन्याला शेकड्याने आहेत, असो.

रात्री भाच्याचा मेसेज. "9 आले मावशी, पण उरलेले 2 डझन कुठे दिसतात?" म्हटलं त्याला टक्क्याचं चिन्ह वापर, बाकी मिळते. परत लॅपटॉप उघडला आणि ती ओळपण घातली.