वेदीवर नव्हे, वेदीभोवती

चर्चमध्ये सणाची सजावट म्हटलं की पहिला हात जातो तो वेदीच्या कापडावर फुलदाणी मांडायला. तिथेच थांबावं. मिस्सेच्या (कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) सर्वसाधारण नियमांतला ३०५वा परिच्छेद स्पष्ट आहे: फुलं बेताची हवीत आणि ती वेदीवर न ठेवता वेदीभोवती रचावीत. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, हात आखडता घ्यायचा, नाताळचा आनंद आधीच उधळायचा नाही. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, फुलं नाहीतच. अपवाद फक्त चौथा रविवार, सोहळे आणि सण यांचा. म्हणून १९ मार्चला संत योसेफाच्या सोहळ्यासाठी केलेली रचना दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेआधी उचलून ठेवावी.

रचना जमिनीवर किंवा बुटक्या स्टँडवर, वेदीच्या एका बाजूला. उंची वेदीच्या कडेखालीच राहू द्या, नाहीतर पुढच्या बाकांवरून द्राक्षारसाचा कटोरा दिसत नाही. आणि निम्मी फुलं लावून झाली की शेवटच्या बाकावर जाऊन बसा. जवळून सुंदर दिसणारी बारीक फुलं तिथून नुसता धुरकट ठिपका होतात. पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) आणि हुतात्म्यांच्या सणाला गडद लाल गुलाब घेतले जातात. मंद उजेडात ते चक्क काळे दिसतात. उजळ लाल कार्नेशन किंवा ग्लॅडिओलस मिसळले की लाल रंग लाल दिसतो. जांभळाही असाच अंधारात बुडतो. पांढरा मात्र लांबवर पोचतो, त्यामुळे ईस्टरचं काम त्या मानाने सोपं.

सोपं, पण लिली वेळेवर उमलल्या तर! पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणविधीसाठी कळ्या बुधवारीच आणा; साध्या तापमानात त्या दोन-तीन दिवस घेतात. फूल उघडताच, पराग सुटायच्या आत, परागकोष चिमटीने काढून टाका. तरीही कापडावर पराग पडलाच तर पाणी लावू नका, हाताने पुसू नका. डाग पक्का बसतो. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलायचा.

फ्लोरल फोम (फुलांचे दांडे खोचायचा, पाणी शोषणारा ठोकळा) पाण्यात दाबून बुडवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बाहेरून ओला दिसतो, आत कोरडा गाभा राहतो आणि नेमकी मधली फुलं आधी माना टाकतात. पाण्यावर सोडून द्यावा, आपोआप बुडू द्यावा. दांडा तिरका कापून एकदाच खोचा. उपसून पुन्हा त्याच भोकात घातला तर टोकाशी हवा राहते. फोम भांड्याच्या काठापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर असू द्या, म्हणजे आडवी फुलंही लावता येतात. खोलगट भांडं असेल तर जाळीची तार गुंडाळून बसवणं उत्तम, कारण वापरून टाकलेला फोम कुजत नाही, कचरा म्हणून तसाच राहतो.

कापणीच्या सणाला फळांच्या टोपल्या कार्नेशनपासून दूर ठेवा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने कार्नेशन मिटून जातात. ईस्टरचा अष्टक आठ दिवसांचा असतो, तेव्हा भांड्यात रोज पाणी घाला आणि ग्लॅडिओलसची खालची सुकलेली फुलं खुडत राहा. वरच्या कळ्या उमलत जातील.