तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉप किती भारीतला घ्यावा?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की ओळखीतले आईवडील हमखास विचारतात, "कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय, मग गेमिंग लॅपटॉपच लागेल ना?" दुकानात लाखाच्या पुढचं मॉडेल दाखवलेलं असतं आणि घरात एफडी मोडायचा विचार चाललेला असतो.

थांबा. पहिली दोन वर्षं सी, जावा, पायथन, डेटाबेस यांत जातात. मुलं लिहितात ते प्रोग्रॅम छोटे असतात. आय-५ किंवा रायझन-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी एवढं त्याला भरपूर होतं. शाखा एआयची असली तरीही. मॉडेल ट्रेन करायला ग्राफिक्स कार्ड लागतं हे खरं, पण शिकण्यापुरतं ते गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच, ठरावीक मर्यादेत, फुकट वापरता येतं.

मुलगी आर्किटेक्चरला चालली असेल तर मात्र हात आखडू नका. रेव्हिटमध्ये इमारत उभी करायची आणि ल्युमिऑनमध्ये तिचा उजेड, सावल्या, झाडं दाखवायची, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवंच. सबमिशनच्या आदल्या रात्री रेंडर (म्हणजे त्या दृश्याचं अंतिम चित्र तयार होणं) अडकलं की तिची हुशारी काही कामाची नाही, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं.

दुसरी खरी गरज लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची. ४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीच्या चौपट. अशा २५ फ्रेम दर सेकंदाला, त्याही तीन कॅमेऱ्यांच्या एकाच टाइमलाइनवर! लग्नसराईत एक्स्पोर्ट रात्रभर चाललं तर पुढची ऑर्डर लटकते. त्यांनी कर्ज काढून मशीन घेतलं तरी ते कमाईतून फिटतं.

टॅली, एक्सेल, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म यांत प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. घरचा जुना पीसी रखडतोय तो बऱ्याचदा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून बघा. फक्त एक अडचण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. म्हणजे ते नसलेली, पण चांगली चालणारी मशीनही बाद ठरतात. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते, पण टॅलीसारखं विंडोजचं सॉफ्टवेअर लागत असेल तर तो मार्ग सोयीचा नाही.

आणि हो, इंजिनिअरिंगसाठी घेताना रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, ते दुकानातच विचारा. तिसऱ्या वर्षी गरज पडलीच, तर तेवढीच वाढवता येईल.